औंढ्याची वेधशाळा आणि वाशीमचीं मुलें

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी वाशीम सोडल्यावर तासाभरांत हिंगोलीस पोंचते, आणि हिंगोलीहून औंढा नागनाथ फारसें दूर नाहीं. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून वऱ्हाडांतील माणसें ह्या क्षेत्रास पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं आहेत. त्याच औंढ्याजवळ आतां निराळ्या प्रकारचें एक स्थान उभें राहावयाचें आहे. अवकाशांतून येणाऱ्या गुरुत्वीय तरंगांची चाहूल घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. जगांतील अत्यंत सूक्ष्म मापन करणारें एक यंत्र वाशीम जिल्ह्याच्या शेजारघरीं येत आहे. त्या यंत्रापाशीं वाशीमचीं मुलें कोणत्या नात्यानें उभीं राहतील? संशोधक म्हणून, कीं केवळ दारावरचे पहारेकरी व मोटारीचे चालक म्हणून? पहारेकऱ्याचें काम हलकें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एका संबंध जिल्ह्याच्या वांट्यास तेवढेंच काम यावें, हें कांहीं निसर्गाच्या नियमानें ठरलेलें नाहीं.

यंत्राची कल्पना थोडक्यांत अशी. काटकोनांत ठेवलेल्या, चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या. त्यांच्या टोकांस आरसे. आणि दोहोंतून एकाच वेळीं सोडलेला लेसरचा प्रकाश. दूरच्या विश्वांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे खुद्द अवकाशांतच एक लहर उठते, आणि ती येथून जातांना एक नळी किंचित् लांब व दुसरी किंचित् आंखूड होते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाइतका किंवा त्याहूनहि कमी असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं अशी पहिली लहर पकडली. ती सुमारें १३० कोटी वर्षें प्रवास करून आलेली होती. त्या शोधाच्या निबंधावर सुमारें एक हजार संशोधकांचीं नांवें आहेत. इतकी दुबळी खूण गोंगाटांतून निवडून काढण्याच्या गणितावर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं त्यापूर्वीं अनेक वर्षें परिश्रम केले होते.

आतां हें यंत्र हिंदुस्थानांत कशाला? एका वेधशाळेस लहर आली एवढेंच कळतें. ती कोठून आली हें नीट कळत नाहीं. पृथ्वीवर एकमेकींपासून दूर अशा अनेक ठिकाणीं वेधशाळा असल्या, म्हणजे लहर कोठें आधीं व कोठें मागाहून पोंचली हें पाहून तिचा उगम शोधतां येतो. आणि औंढाच कां, तर तेथील जमीन शांत आहे. मोठ्या कारखान्यांची घरघर, वाहनांची अखंड ये-जा, लोकवस्तीची गजबज हीं ह्या यंत्राचीं शत्रू. ज्या गोष्टीस इतके दिवस मागासलेपण म्हणत आले, तीच येथें पात्रता ठरली!

शेजारच्या वाशीमची गोष्ट निराळी नाहीं. वाकाटकांच्या काळीं वत्सगुल्म म्हणून राजधानीचा मान मिळालेलें हें गांव १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळें होऊन जिल्ह्याचें ठिकाण झालें. आणि २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागें राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ ह्या सौम्य नांवाखालीं जी यादी केली, तींत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद ह्यांच्या पंक्तीस वाशीमचें नांव आलें.

विज्ञानाच्या संस्थांत सर्व थरांतील माणसें असावींत, त्यांस न्याय्य संधि मिळावी आणि आल्यावर परकेपणा वाटूं नये, ह्या विचारास अलीकडे विविधता, समन्याय व समावेश अशीं नांवें मिळालीं आहेत. त्यावर सुशिक्षित घरांतूनहि एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. विज्ञानास जात नाहीं, लिंग नाहीं. ज्याच्या अंगीं गुण असेल तो पुढें येईल. मग हा खटाटोप कशासाठीं? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचा पूर्वार्ध खराहि आहे. दगड सोडला कोणीहि, तरी तो एकाच वेगानें खालीं येतो. पण प्रयोगशाळेचें दार कांहीं निसर्ग उघडीत नाहीं, तें माणूस उघडतो. आणि माणसानें तें कसें उघडलें व कसें लावून घेतलें, ह्याचा इतिहास आपल्या जवळच आहे.

१९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत ह्यांनीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें संशोधनासाठीं अर्ज केला. त्यांचा मुख्य विषय रसायन आणि जोडविषय पदार्थविज्ञान. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेहि त्याच संस्थेंत शिकलेले. म्हणजे घरांत संस्थेची माहिती होती आणि विद्येची प्रतिष्ठाहि होती. संस्थेच्या संचालकपदीं सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते, ज्यांच्या शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञानदिन पाळला जातो. अर्ज नाकारला गेला. कारण एकच: अर्जदार स्त्री आहे. भागवतबाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्या स्वतः बंगळुरास गेल्या, नकाराचें कारण समोरासमोर विचारलें, आणि प्रवेश मिळाल्यावांचून परत जाणार नाहीं अशा निश्चयानें तेथें राहिल्या. शेवटीं त्यांस घेतलें तें अटींवर. पहिलें वर्ष परीक्षेचें समजलें जाईल, संचालकांचें समाधान होईपर्यंत त्यांच्या कामास मान्यता मिळणार नाहीं, आणि त्यांच्यामुळें पुरुष संशोधकांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये. शेवटची अट वाचून आज हंसूं येतें. परंतु विशीच्या उंबरठ्यावरील एका मुलीनें ती रोज खांद्यावर घेऊन वर्षभर काम केलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे हंसूं मावळतें.

वर्ष संपलें तेव्हां रामन ह्यांचें समाधान झालें होतें, आणि त्यानंतर संस्थेचें दार इतर मुलींसहि उघडलें. कमलाबाई पुढें केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ ह्या द्रव्यावरील प्रबंधास त्यांस १९३९ सालीं डॉक्टरेट मिळाली. आणि विवाहानंतर कमला सोहोनी ह्या नांवानें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या त्या संचालकहि झाल्या. ही कथा विजयाची म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्यांत एक हिशेब राहून जातो. रामन ह्यांची बुद्धि किंवा देशप्रीति ह्यांविषयीं कोणास शंका नाहीं. म्हणजे दार अडविणारा मनुष्य अडाणीच असतो असें नव्हे. आणि जिच्या घरीं त्या संस्थेचे दोन पदवीधर नव्हते, अशा एखाद्या मुलीस त्याच वर्षीं तसाच नकार आला असता, तर तिनें बंगळुराचें तिकीट काढलें असतें काय? अशा मुलींचीं नांवें इतिहासांत सांपडत नाहींत. त्यांची गणनाच झालेली नाहीं.

दार उघडल्यानेंहि सर्व कांहीं होत नाहीं. अॅना मणी ह्यांनीं रामन ह्यांच्याच प्रयोगशाळेंत हिरा व माणिक ह्यांच्या प्रकाशावर काम करून १९४५ सालीं प्रबंध सादर केला, परंतु एम्.एस्सी. नाहीं ह्या कारणास्तव त्यांस डॉक्टरेट मिळाली नाहीं. त्याच बाई १९४८ सालीं पुण्याच्या हवामान खात्यांत आल्या, आणि जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून हवा मोजण्याचीं साधनें ह्याच देशांत तयार होऊं लागलीं त्या कामाच्या अग्रभागीं राहिल्या. बिभा चौधुरी ह्यांनीं देवेंद्रमोहन बोस ह्यांच्यासह छायाचित्रांच्या कांचांवर विश्वकिरणांच्या खुणा टिपून मेसॉन कणांचा माग काढला. युद्धामुळें चांगल्या कांचा मिळेनात आणि काम अर्धवट राहिलें. पुढें इंग्लंडांत सेसिल पॉवेल ह्यांनीं अधिक चांगल्या कांचा वापरून तीच वाट पुढें नेली आणि १९५० चें नोबेल पारितोषिक मिळविलें. बिभाबाईंस डॉ. होमी भाभांनीं १९४९ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घेतलें. १९९१ सालीं त्या वारल्या, तोंपर्यंत त्यांच्या वांट्यास मोठा असा मान आलाच नाहीं. २०१९ सालीं एका दूरच्या ताऱ्यास ‘बिभा’ हें नांव मिळालें. तारा मिळणें ही मोठीच गोष्ट; पण हयातींत एखादी अधिसदस्यता मिळाली असती तर त्यांच्या विद्यार्थ्यांसहि तिचा उपयोग झाला असता.

स्त्रियांची ही हकीकत झाली. जातीची हकीकत बहुधा प्रयोगशाळेंत न घडतां जेवणघरांत घडते. डाक्क्याजवळच्या खेड्यांतून आलेले मेघनाद साहा कलकत्त्याच्या हिंदु वसतिगृहांत राहावयास गेले, तेव्हां उच्च जातींच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस आपल्या पंक्तीस बसूं दिलें नाहीं. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचें तापमान व घटकद्रव्यें ओळखण्याचें समीकरण ह्याच साहांचें. ज्यांनीं ताऱ्यांचें अंतरंग जगास वाचावयास शिकविलें, त्यांस ताट वेगळें मांडावें लागलें! वऱ्हाडास ह्या गोष्टीचा अर्थ नव्यानें सांगावा लागत नाहीं. डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवलें तें ह्याच कारणास्तव. खेड्यांतील मुलास आधीं राहावयास व जेवावयास मानाची जागा पाहिजे. न्यूटनचे नियम त्यानंतर.

पुढच्या पायरीवर पाहतां चित्र असें दिसतें. राखीव जागांमुळें विद्यार्थिदशेंत कांहीं दारें उघडलीं. परंतु केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या जागा राखून ठेवणारा जो कायदा २०१९ सालीं झाला, त्याच्या परिशिष्टांत टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचीं अंगें, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इत्यादि संस्था वगळल्या आहेत. गुणवत्तेची जपणूक व्हावी हा त्यामागील हेतु सांगतात. हेतूविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं. मात्र ज्या संस्थांस अशी सूट मिळाली, त्यांनीं आपल्याकडे कोणत्या थरांतील किती माणसें येतात, किती टिकतात, हें दरवर्षीं स्वतः होऊन छापून प्रसिद्ध करावें एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे. मोजल्यावांचून सिद्धान्त न मांडणें हें तर पदार्थविज्ञानाचेंच शील आहे.

ह्या सर्वांहून आधीं येणारा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा अडथळा म्हणजे भाषा. वाशीम जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें श्रद्धास्थान. तांड्यावरचें मूल घरीं गोरबोली बोलतें; गांवांतलें मूल वऱ्हाडी बोलतें; शाळेंत दोघांसहि पुस्तकी मराठी भेटते; आणि अकरावींत विज्ञान घेतांच सर्व पुस्तकें इंग्रजी होतात. म्हणजे तांड्यावरच्या मुलास पदार्थविज्ञान तिसऱ्या भाषेंत शिकावें लागतें. बरें, मराठी पुस्तकांतील शब्द तरी सोपे आहेत काय? त्वरण, संवेग, जडत्व, अपवर्तन! भरलेली बैलबंडी जागची हालवितांना बैलांस किती जोर लावावा लागतो आणि एकदां चालूं लागली म्हणजे ती थांबविणें किती अवघड, हें त्या मुलानें सहाव्या वर्षीं पाहिलेलें असतें. कपाशीवर फवारणी करतांना पाठीवरच्या पंपाचा दांडा हालविला म्हणजे आंतली हवा दबते आणि औषध जोरानें बाहेर पडतें, हेंहि त्याच्या हातास ठाऊक असतें. जडत्व आणि दाब त्याच्याजवळ आहेत. त्यांचीं नांवें मात्र परक्या वेषांत येतात, आणि त्या मुलास ओळख पटत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. टाटा संस्थेनें १९७४ सालीं मुंबईस होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र काढलें, आणि त्याचे पहिले चालक प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ह्यांनीं जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा येथें जाऊन ग्रामीण शाळांतून हा प्रश्न प्रत्यक्ष तपासला. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील मजकूर, आशय न बदलतां, सोप्या भाषेंत पुन्हां लिहिला, तर मुलांची समज बदलते काय? बदलली, आणि ज्यांस ‘मंद’ म्हणून बाजूस बसविलें होतें अशांपैकीं अनेकांचा मंदपणा वस्तुतः शब्दांचा होता असें दिसून आलें. त्यानंतर ह्याच केंद्रानें मुंबईच्या महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं एक उपक्रम केला. मुलें निवडून आठवड्याच्या आठवड्यास त्यांस जमवावें, प्रश्न विचारूं द्यावे, वाचनाची व लेखनाची तयारी करून घ्यावी, एवढाच त्याचा थाट. शालान्त परीक्षेंत त्या मुलांनीं उल्लेखनीय प्रगति दाखविली. महागडें यंत्र लागलें नाहीं, नवा सिद्धान्तहि लागला नाहीं. कोणीतरी वेळ दिला. असे प्रयोग जिल्ह्याजिल्ह्यांतून कां पसरले नाहींत, ह्याचें उत्तर शिक्षणखात्याच्या कपाटांत कोठेंतरी असेल.

भाषेचा उंबरठा ओलांडलेल्या हुशार मुलास दुसऱ्या प्रकारें वळविलें जातें. वाशीम, रिसोड, कारंजा येथील चांगल्या गुणांचा विद्यार्थी दहावीनंतर लातूरच्या किंवा अकोल्याच्या शिकवणीवर्गांत जातो, आणि तेथें पदार्थविज्ञान म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंतील पंचेचाळीस प्रश्न एवढाच त्या शास्त्राचा अर्थ उरतो. बाप सोयाबीन व तूर पिकविणारा असला तर मुलानें डॉक्टर व्हावें ही त्याची इच्छा मुळींच चुकीची नाहीं. ज्या धंद्याचीं माणसें त्यानें पाहिलीं, तोच धंदा तो मुलासाठीं मागणार. संशोधक त्यानें पाहिलेलाच नसतो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास वेतन मिळतें, हें किती घरांत ठाऊक आहे? जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय छात्रवृत्तीचा कनिष्ठ दर महिना ३७,००० रुपये ठरला. २००८ सालीं सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेंत बारावीच्या मंडळपरीक्षेंत वरच्या एक टक्क्यांत येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांस वर्षास ८०,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें गेलें. आणि तें प्रत्येक राज्यमंडळाच्या गुणांवर, वेगळी शिकवणी न लावतां. पुण्याची ‘आयसर’ २००६ सालीं निघाली. मुंबई विश्वविद्यालयाच्या आवारांत अणुऊर्जा खात्याचें मूलभूत विज्ञानाचें केंद्र २००७ सालीं निघालें. पुण्यामुंबईच्या घरांत हीं नांवें चहाच्या वेळीं बोलण्यांत येतात. मंगरूळपीरला तीं सांगणारा कोणी भेटला तर भेटला. संपत्तीपेक्षां माहितीची ही असमान वांटणी अधिक घातक असते, कारण ती दिसत नाहीं.

मुलगी असेल तर आणखी कांहीं अडथळे. अमेरिकेंतील पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर १९६५ सालीं व्हेरा रूबिन ह्यांस रीतसर निरीक्षणाची परवानगी मिळाली; त्यापूर्वीं स्त्रियांस नकार देतांना तेथें त्यांच्यासाठीं शौचगृह नाहीं हेंहि कारण सांगितलें जाई. रूबिनबाईंनीं कागदाचा घागरा कातरून दारावरच्या पुरुषाकृतीस चिकटविला आणि प्रश्न मिटविला अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे तो प्रश्न खेड्यांतील माध्यमिक शाळेंतच उभा राहतो आणि मुलगी वेधशाळेपर्यंत पोंचण्याआधींच उत्तर देऊन मोकळा होतो. जी पोंचते, तिला पुढें वयोमर्यादा, बाळंतपण, नवरा-बायको दोघांस एकाच गांवीं नोकरी न मिळणें, हीं विघ्नें आहेत. म्हणूनच एम्.एस्सी.च्या वर्गांत मुली पुष्कळ दिसतात आणि प्राध्यापकांच्या खोल्यांवरील पाट्यांत थोड्या. १९०१ पासून २०२५ पर्यंत पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक पांचच स्त्रियांस मिळालें. त्यांतल्या मारिया गेपर्ट-मायर ह्यांनीं विवाहानंतर अनेक वर्षें विश्वविद्यालयांत बिनपगारी काम केलें होतें.

भारतीय भौतिकी संघानें २०१७ सालीं ह्या विषयासाठीं एक कार्यगट नेमला, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत हैदराबादेस त्याची परिषद भरली. तींतून पुढें जी ‘हैदराबाद सनद’ तयार झाली, तिचें मुख्य सूत्र असें कीं, स्त्रियांच्या अल्प संख्येचें कारण त्यांच्या बुद्धींत न शोधतां संस्थांच्या रीतींत शोधावें. सूत्र सरळ आहे, पण त्यानें कामाची दिशा उलटी होते. मुलींस धीट करण्याचीं शिबिरें भरविण्यापेक्षां निवडसमितींत कोण बसतें, पाळणाघर आहे कीं नाहीं, छळाची तक्रार ऐकण्यास २०१३ च्या कायद्याप्रमाणें नेमलेली समिति खरोखर बसते कीं केवळ फलकावर असते, हें पाहावें लागतें.

परदेशांतील एक उदाहरण मात्र येथें सांगितलेंच पाहिजे. १९६७ सालीं केंब्रिजमध्यें विद्यार्थिनी असतांना जोसेलिन बेल ह्यांनीं नियमित स्पंदणारा पहिला तारा, पल्सार, शोधला. १९७४ चें नोबेल त्यासाठीं त्यांच्या मार्गदर्शकास मिळालें. २०१८ सालीं त्यांस तीस लक्ष डॉलरांचें दुसरें पारितोषिक मिळालें, आणि त्यांनीं ती सर्व रक्कम, ज्या थरांतून पदार्थविज्ञानांत फार थोडे लोक येतात अशा थरांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं देऊन टाकली. आपण परकेपणाच्या भावनेमुळें अधिक दक्ष राहिलों आणि म्हणूनच ती लहानशी खूण नजरेंतून सुटली नाहीं, अशी त्यांची समजूत आहे. वेगळ्या जागीं उभ्या असलेल्या माणसास वेगळें दिसतें. तें पाहावयास माणूस तेथें असावा लागतो.

वाशीमसाठीं काय करतां येईल, ह्याचें उत्तर वरील हकीकतींतच बरेंचसें आलें आहे. जिल्ह्यांत नवोदय विद्यालय आहे, कनिष्ठ महाविद्यालयें आहेत, अमरावती विश्वविद्यालयास जोडलेलीं विज्ञान महाविद्यालयें आहेत. पुण्यास ‘आयुका’नें शाळेच्या मुलांसाठीं शनिवारचीं व्याख्यानें आणि २००४ पासून हातानें करून पाहण्याची विज्ञानशोधिका चालविली, परंतु वाशीमच्या मुलास तेथें जाण्यास एक रात्र प्रवास करावा लागतो, आणि औंढ्यास जाण्यास सकाळ पुरते. त्या वेधशाळेच्या आवारांत तशीच एक शोधिका निघावी, तिची भाषा वऱ्हाडी कानास कळणारी असावी, आणि हिंगोली व वाशीम ह्या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांस उन्हाळ्यांत तेथें पगारी प्रशिक्षण मिळावें. शिक्षकाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. एक शिक्षक तयार झाला तर तीस वर्षें मुलें तयार होतात. मुलांच्या एका सहलीचा परिणाम बहुधा परतीच्या मोटारींतच उतरतो. आणि महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकें वहींत न होतां टेबलावर व्हावींत. लंबकाचे झोके मोजून गुरुत्वाचा आकडा काढण्यास दोरा, गोळी व घड्याळ एवढेंच लागतें.

वेधशाळेचें काम २०३० च्या सुमारास पुरें व्हावें असा २०२३ च्या मंजुरीच्या वेळीं अंदाज होता. २०२३ च्या जूनमध्यें पांचवींत बसलेली मानोऱ्याची मुलगी २०३० च्या जूनमध्यें बारावींत बसते. आणि अशीं यंत्रें एकदां उभीं राहिलीं म्हणजे पंचवीस-तीस वर्षें चालतात. त्यांच्या आरशांस, निर्वात नळ्यांस आणि गणकयंत्रांस त्या सर्व काळांत दरवर्षीं नवीं माणसें लागत राहतात.